ज्येष्ठमधाच्या ज्यादा गाड्या

माझ्या पोटात खडे झाले होते आणि मला काळजी लागली होती गळ्याची.

याला कारण होतं. मी इंगळे. खामगावच्या बस स्टँडवर सव्वीस वर्षं कंट्रोलर होतो. गाड्यांच्या वेळा सांभाळायच्या, लोकांची बोलणी खायची आणि माईकवर घोषणा करायची, हे माझं काम. पहिली दोन कामं कोणीही करेल. तिसऱ्यात मात्र मला तोड नव्हती. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, शेगाव, वरवट बकालमार्गे संग्रामपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे" हे मी असं म्हणायचो की तीनवर बसलेली गायसुद्धा उठून बाजूला व्हायची. लाइट जाऊन माईक बंद पडला तरी माझं अडायचं नाही. खिडकीतून नुसतं तोंड बाहेर काढलं की भागायचं. माझी घोषणा ऐकूनही गाडी चुकली, असं सांगणारा माणूस सव्वीस वर्षांत मला भेटला नाही. (कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणते की घरात मीठ मागायला एवढा आवाज लागत नाही. पण तिला या कामातलं काय कळतं!)

गेल्या दिवाळीत मी रिटायर होणार होतो, आणि त्याच सुमारास स्टँडवर घोषणांचं यंत्र बसणार होतं. एकदा कोणाचा तरी आवाज त्यात भरून ठेवायचा, मग नुसतं बटण दाबायचं. आवाज भरायला अकोल्याहून माणूस येणार होता, एकच दिवस, शनिवारी. डेपोच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं की आवाज इंगळेंचा घ्यायचा, आणि काही अडचण आलीच तर तायडेंचा.

तायडे म्हणजे दुसऱ्या पाळीचा कंट्रोलर. माणूस फार भला. पण माईकवर असा बोलायचा, की जणू शेजारी लेकरू झोपलंय आणि ते उठायला नको. त्याच्या पाळीत लोक घोषणा ऐकायचेच नाहीत, सरळ गाडीची पाटी वाचायचे. आता मी घरी बसणार आणि स्टँडवर पुढची पंधरा-वीस वर्षं तायडे कुजबुजणार, हे मला कसं सहन व्हावं? खरं सांगतो, पेन्शनीपेक्षा मला त्या यंत्राचं अप्रूप जास्त होतं. आपण नसलो तरी आपला आवाज तिथं राहील, या एका विचारानं मला रिटायर होण्याचं दुःख वाटेनासं झालं होतं.

आणि नेमकं पोळा झाल्यावर पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीनं काढू, पोटाला चार बारीक भोकं पडतील, दुसऱ्या दिवशी घरी. तारीख दिली सोमवारची. आवाज भरायचा शनिवार त्यानंतरच्या आठवड्यातला, म्हणजे मध्ये चांगले बारा दिवस.

ऑपरेशनच्या दहा दिवस आधी भूल देणाऱ्या मॅडमनी तपासणीला बोलावलं. मला चौकशा करायची भारी खोड. (सव्वीस वर्षं लोकांनी खिडकीतून माझ्याकडे चौकशा केल्या, त्याचं उट्टं म्हणा.) भूल दिल्यावर माणूस नेमका जातो कुठं, ऐकू येतं का, आपलं नाव आठवतं का, मी सगळं विचारून घेतलं. मॅडमही हौशी होत्या, न कंटाळता सांगत गेल्या. श्वासासाठी तोंडातून एक नळी आत घालतात, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी दाखवली. मी ती वाकवून पाहिली, डोळ्याला लावून आरपार पाहिलं, आणि ही जाते कुठवर ते विचारलं.

"स्वरतंतूंच्या मधून खाली," मॅडम म्हणाल्या.

मी नळी टेबलावर ठेवून दिली.

माझा चेहरा पाहून त्यांनीच समजूत घातली. काही जणांचा घसा एक-दोन दिवस खवखवतो, आवाज जरा बसतो, मग आपोआप नीट होतो. त्यावर साधा उपायही आहे. ऑपरेशनच्या पाच मिनिटं आधी ज्येष्ठमधाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या आणि थुंकून टाकायचं. पुष्कळ पेशंटना त्यानं आराम पडतो. "ते मी तिथं करवून घेईन," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी काहीही करायचं नाही."

यातलं शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलं, पण डोक्यापर्यंत गेलं नाही. डोक्यात दुसरंच चाललं होतं. थुंकून टाकलेल्या गुळणीचा जर एवढा गुण, तर न थुंकता दहा दिवस घेतलं तर केवढा गुण येईल? हे एवढ्या शिकलेल्या बाईंच्या ध्यानात कसं आलं नसेल, याचं मला रस्ताभर नवल वाटत राहिलं.

घरी येऊन कुसुमला सांगितलं. कुसुम अंगणवाडी सेविका. तिला सगळं चमच्यानं मोजायची सवय.

"मॅडमनं किती चमचे सांगतले?"

"चमचे नाही सांगितले. त्या नुसत्या गुळण्या करवतात."

"मंग तुमी पोटात काऊन घेऊन राह्यले?"

मी तिला समजावलं की डॉक्टर लोकांपाशी वेळ नसतो, म्हणून ते गुळणीवर भागवतात. आपल्यापाशी दहा दिवस आहेत. तिला ते पटलं. (तिला माझं पटण्याचे प्रसंग थोडे. त्यातला हा एक फुकट गेला.)

मग मी संग्रामपूरला थोरल्या बहिणीला, वच्छलाताईला, फोन केला. सातपुड्याच्या पायथ्याला राहते म्हणून तिला सगळी झाडपाल्याची औषधं कळतात, असा आमच्या घरात समज आहे. तिचाही तोच समज आहे. जयभीम झाला, ख्यालीखुशाली झाली, आणि मी काय हवं ते सांगितलं. ती म्हणाली, "सकाळच्या गाडीवर पाठवते. दिवसभर चघळत राह्य अन् रस गिळत जाय. थुकू नको, वाया जाते."

इथं एक सांगायला हवं. आमच्या भागात गाडीनं नुसती माणसं जात नाहीत. डबे जातात, चष्मे जातात, लग्नाच्या पत्रिका जातात, पाहुण्याकडे विसरलेली कवळीसुद्धा जाते. ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि पलीकडच्या स्टँडवर कोणीतरी घ्यायचं. आणि गाडीवर आलेली वस्तू परत पाठवायची नाही, असा रिवाज आहे. परत गेली की पाठवणाऱ्याला वाटतं, त्या घरी काहीतरी बरंवाईट झालं.

ताईचं पुडकं संग्रामपूरच्या गाडीवर आलं. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे साहेब? मी सांगितलं. ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत इंगळे साहेबांचा गळा धोक्यात आहे, ही बातमी नांदुऱ्यापासून मेहकरापर्यंत पोचली, कारण बातमीसुद्धा आमच्याकडे गाडीवरच जाते.

दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदच्या गाडीचे ड्रायव्हर शेखभाई मुलेठीचं चूर्ण घेऊन आले. त्यांच्या घरात गळ्याला तेच चालतं. "साहेब, सुबह-शाम एक एक चम्मच, शहद में. गला एकदम खुला." तिसऱ्या दिवशी पिंपळगाव राजाच्या गाडीवर सासूबाईंनी स्टीलच्या किटलीत काढा पाठवला. सोबत चिठ्ठी, यष्टिमधूचा आहे, तिथल्या वैद्यांनी सांगितला, रोज दोन कप, रोज ताजा पाठवीन. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पुढे रोज सकाळी सव्वानऊच्या गाडीला भरलेली किटली येत गेली आणि आदल्या दिवशीची रिकामी परत जात गेली. बाकी लवंगा आल्या, बेहडे आले, अडुळसा तर इतका आला की कंट्रोलरूमच्या खिडकीशी एक शेळी येऊन उभी राहायला लागली.

मी कोणाचंच मन मोडलं नाही. सकाळी चूर्ण, मग काढा, दिवसभर गालात ज्येष्ठमधाची काडी, संध्याकाळी पुन्हा काढा, पुन्हा चूर्ण. एक बरं होतं, की सगळंच गोड लागायचं. तिन्हींची चव इतकी सारखी कशी, असं एकदा मनात आलं होतं. पण औषधाचा गुण एक असला म्हणजे चवही एक असणार, असं मीच मला उत्तर दिलं आणि चौकशीची खिडकी बंद केली.

चौथ्या-पाचव्या दिवशी आवाज असा काही सुटला म्हणता! चिखलीच्या गाडीची घोषणा केली तेव्हा फलाटावरच्या एका म्हातारीनं मुलीला म्हटलं, "हा बाप्पा माईकमधून बोलून राह्यला, की माईकच गिळला त्यानं?" मला धन्य वाटलं.

सहाव्या दिवशी चपला आवळायला लागल्या. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. मी कंट्रोलरूमच्या घड्याळावर वेळ लावून पाहिली, तर सकाळी खळगा वीस सेकंद टिकायचा, संध्याकाळी चाळीस. ज्याला त्याला मी पाय दाखवायला लागलो. कंडक्टर लोकांनी आळीपाळीनं दाबून पाहिला. तायडेनंही पाहिला आणि त्याच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाला की साहेब, हे एकदा डॉक्टरला दाखवा. मी मनात म्हटलं, हा मला दवाखान्यात गुंतवून माईक बळकावायला पाहतो. डोकंही दुखत होतं, पण ते मी ऑपरेशनच्या काळजीवर टाकलं. कुसुमला माझा चेहरा भरल्यासारखा दिसत होता. ती म्हणाली, तुम्हाले मानवलं.

सोमवारी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात भरती झालो. नर्सनं बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. दुसरं मशीन आणून दुसऱ्या हातावर घेतलं आणि मॅडमना बोलावलं. दहा दिवसांपूर्वी माझं बीपी चांगलं होतं, आता ते एकशेऐंशीच्या वर गेलं होतं. मॅडमनी पायावर बोट दाबलं. (मी सवयीनं सेकंद मोजायला लागलो.) त्यांनी विचारलं, घाबरलात का? नाही. खारट खाल्लं? नाही. काही औषध चालू आहे? मी छातीठोकपणे नाही म्हटलं, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. औषध मेडिकलमधून येतं. माझं तर गाडीवर आलं होतं.

हे सांगता सांगता मी खिशातून काडी काढली आणि गालात धरली. मला पत्ताही नाही. दहा दिवसांची सवय.

"तोंडात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मी काडी काढून हातावर ठेवली. त्यांनी ती नाकाशी नेली. मग त्यांची नजर खाटेखालच्या पिशवीकडे गेली. ऑपरेशननंतर लागेल म्हणून मी सगळा साठा सोबत आणला होता. एकेक वस्तू बाहेर निघायला लागली.

"हे?"

"ज्येष्ठमध. बहिणीनं दिलं."

"आणि हे चूर्ण?"

"ते मुलेठी. शेखभाईंचं."

"आणि किटलीत?"

"यष्टिमधूचा काढा. सासूबाई पाठवतात."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "इंगळे, ही तिन्ही एकच आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्येष्ठमधच. किती घेतलंत?"

मी सांगणार होतो की थोडंसंच. पण कुसुमपुढे माझं काय चालणार! रोजचे चूर्णाचे दोन चमचे, काढ्याचे दोन कप, कोणतं कधीपासून तेसुद्धा, तिनं घडाघडा सांगून टाकलं. काड्या तेवढ्या मोजल्या नाहीत म्हणून तिनं मॅडमची माफी मागितली.

मॅडमनी मग समजावून सांगितलं, आणि तसल्या अवस्थेतही मी कान देऊन ऐकलं, कारण गोष्ट खरंच अजब होती. गुळणी करून थुंकलं तर ज्येष्ठमध घशापुरतं काम करतं. तेच पोटात रोज इतकं गेलं की अंगात पाणी धरतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. अशात भूल देता येणार नाही. हे सगळं बंद करा, मी देते त्या गोळ्या घ्या. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, गुरुवारी.

मी बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

गळा सांभाळायच्या नादात मी माझे बारा दिवस घालवून त्याचे दोन करून घेतले होते. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं. तिथंच खाटेवर मला रडू फुटलं. कुसुमला वाटलं पोटात दुखतंय. मी म्हटलं, ऑपरेशन अजून पुढं ढकला. डॉक्टर म्हणाले, खडे काही तुमच्या शनिवारसाठी थांबणार नाहीत. शनिवार बदलायला साहेबांना फोन लावला, तर अकोल्याचा माणूस बदलायला तयार नव्हता.

दोन दिवसांनी तायडे घरी भेटायला आला. केळी आणली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग उठता उठता म्हणाला, "साहेब, मी शनिवारी रजा टाकून राह्यलो. मी नसलो म्हंजे तुमच्याबिगर कोणाचा आवाज घेता येणार नाई. तुमी जसे बोलसान तसे बोला, पण तो आवाज तुमचाच पाह्यजे." आणि ज्याच्यावर मी माईक बळकावल्याचा आळ घेतला होता, तो माणूस चपला घालून निघून गेला. मी लाजेनं केळं सोलत बसलो.

गुरुवारपर्यंत बीपी जागेवर आलं. ऑपरेशनच्या पाच मिनिटं आधी मॅडमनी कपात ज्येष्ठमधाचं पाणी दिलं आणि समोर ट्रे घेऊन स्वतः उभ्या राहिल्या. मी गुळणी केली. तीच ओळखीची गोड चव. जीभ आपसूक मागे जायला लागली.

"थुंका, इंगळे."

मी थुंकलो. त्यांनी मला तोंड उघडायला लावून पाहिलं, मगच आत नेलं.

त्यानंतर मी नेमका कुठं गेलो ते अजूनही कळलेलं नाही. तेवढी एक चौकशी राहून गेली. शुद्ध येता येता मी काय केलं, ते कुसुमकडून कळलं. डोळे मिटलेले असतानाच मी पिंपळगाव राजाच्या गाडीची घोषणा केली, फलाट क्रमांक एक. पलीकडच्या खाटेवर हर्नियाचा पेशंट होता, तोही पिंपळगाव राजाचाच आणि तोही अर्धवट गुंगीत. तो उठून बसला आणि पिशवी शोधायला लागला. दोन नर्सनी त्याला आडवा केला.

मॅडमनी विचारलं, घसा कसा आहे? मी गिळून पाहिलं. खाकरून पाहिलं. काही नाही! नळी जाऊन आल्याचा मागमूस नव्हता. एका गुळणीत काम झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी मॅडमना हात जोडले.

शनिवारी कुसुमनं मला रिक्षातून स्टँडवर नेलं. अकोल्याच्या माणसानं कंट्रोलरूमची दारं-खिडक्या बंद केल्या. कुसुम बाहेर बाकावर बसली. मी माईकसमोर बसलो, पाठ सरळ केली, गळा साफ केला आणि सव्वीस वर्षं घेत आलो तसा दमदार श्वास घेतला.

पोटाची चारही भोकं एकदम बोंबलली.

आवाज पोटातून निघतो, हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं! गळा चोख होता हो, पण मागून रेटा देणारं पोटच सुट्टीवर गेलं होतं. रिक्षातल्या हादऱ्यांसाठी आणलेली उशी पोटाशी धरून मी पुन्हा प्रयत्न केला. तोंडातून निघालं ते असं, "प्रवाशांनी… लक्ष द्यावे…" जणू शेजारी लेकरू झोपलंय.

अकोल्याचा माणूस मात्र खूश. म्हणाला, असंच बोला, फार छान. बाकी ठिकाणी लोक ओरडतात आणि यंत्रात आवाज फाटतो. तासाभरात सगळ्या गाड्या त्यानं माझ्या त्या आवाजात भरून घेतल्या. मी घामाघूम होऊन बाहेर आलो. कुसुमनं विचारलं कसं झालं. मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, बाहेर तर काहीच आयकू आलं नाई. मी रिक्षाला हात केला.

दिवाळी झाली. मी रिटायर झालो. पोटाची भोकं भरून आली, आवाज पहिल्यासारखा झाला आणि त्याला काही कामच उरलं नाही. महिनाभरानं कुसुम आणि मी ताईकडे जायला स्टँडवर गेलो. बाकावर टेकतो तोच वरून घोषणा सुरू झाली. शेगाव, वरवट बकालमार्गे संग्रामपूर, फलाट क्रमांक तीन. काय तो हळुवारपणा! मी कुसुमकडे पाहिलं. तीही मान वर करून ऐकत होती.

"शेवटी तायडे भाऊजीचाच आवाज घेतला म्हणा," ती म्हणाली. "बरं झालं. किती प्रेमानं बोलून राह्यले. तुमच्यानं सव्वीस वर्षांत असं एक डाव झालं नाई."

"अवं, तो मी आहे!" मी म्हटलं.

ते इतक्या जोरात निघालं की फलाटावरचे आठ-दहा जण वळून पाहायला लागले आणि एका लेकरानं भोकाड पसरलं. कुसुमनं माझा हात दाबला.

"हळू बोला," ती म्हणाली. "तायडे भाऊजीचं आयकू येऊन राह्यलं नाई."

मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला बसलो. उशी, भोकं, अकोल्याचा माणूस, तायडेची रजा. तिनं शपथ घ्यायला लावली, मी घेतली. तिला पटलं तेव्हा फलाट क्रमांक तीन रिकामा होता.

माझी घोषणा ऐकून गाडी चुकलेला माणूस सव्वीस वर्षांत मला भेटला नव्हता. तो त्या दिवशी भेटला, आणि त्याच्यासोबत त्याची बायको होती.